गव्हाची कोठी आणि छातीचा आवाज

२०२० च्या मे महिन्यात इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी रोज दुपारी एक चमत्कारिक टकटक ऐकू येत असे. स्वयंपाकघरामागच्या खोलीत गव्हाची पत्र्याची कोठी आहे. माझी भाची तेव्हा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात होती आणि टाळेबंदीमुळे आमच्या घरूनच ऑनलाइन शिकत होती. ती डाव्या हाताचे मधले बोट त्या कोठीवर सपाट दाबून धरी आणि त्याच्या मधल्या पेरावर उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने, मनगटातून, दोन हलके टोले देई. बोट वरून खाली सरकत जाई. वरच्या भागात पोकळ, घुमणारा आवाज येई आणि गहू सुरू झाला की तो एकदम बद्द होई. आवाज बदलला त्या जागी ती खडूने रेघ ओढी आणि मग झाकण उघडून आत पाही. पहिल्या दिवशी रेघ चार बोटे चुकली होती. आठवड्याभरात ती बोटभरावर आली, तेव्हा माझ्या वडिलांना, म्हणजे तिच्या आजोबांना, सदरा काढून पाटावर बसावे लागले. "काय गं, धान्य किती उरलंय?" असे त्यांनी तिला विचारलेही.

छातीवर अशा रीतीने बोटाने ठोकून आतली स्थिती ओळखण्याच्या तपासणीला परकशन म्हणतात आणि ती पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीच्या, म्हणजे शरीरक्रियाशास्त्राच्या, प्रॅक्टिकलमध्येच शिकवली जाते. हवेने भरलेल्या फुफ्फुसावर आवाज घुमतो, यकृतासारख्या भरीव अवयवावर तो बद्द येतो आणि फुफ्फुसाभोवती पाणी साठले असेल तर दगडावर ठोकल्यासारखा येतो. ही पद्धत १७६१ मध्ये व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टराने प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांचा खानावळीचा धंदा होता आणि पिंपात किती मद्य उरले आहे हे ठोकून ओळखण्याची रीत त्याने लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. म्हणजे कोठीची युक्ती भाचीला सुचली तेव्हा ती नकळत या तपासणीच्या मुळाशीच जाऊन पोचली होती. युक्ती शोधावी लागली याचे कारण साधे होते. कॉलेजकडून आलेल्या व्हिडिओत बोट कोठे ठेवायचे ते स्पष्ट दिसत होते, परंतु फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून घुमणारा आवाज आणि बद्द आवाज दोन्ही सारखेच 'टक' वाटत होते.

महामारीच्या काळात वैद्यकीय विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण कसे वाटले, या प्रश्नावर जगभर पुष्कळ पाहण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष बहुधा टक्केवारीत येतात: इतके समाधानी, इतके असमाधानी, इतक्यांना जुनीच पद्धत बरी वाटते. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे टक्केवारी दिसली की ती कशाची, हे विचारण्याची मला खोड आहे. या विषयापुरते माझे मत असे बनले आहे की विद्यार्थ्यांचे 'मत' शोधण्याआधी ते कशाविषयीचे मत आहे हे ठरवावे लागते, कारण वैद्यकीय शिक्षण ही एक गोष्ट नाही आणि त्या वर्षी ज्याला सगळे जण ऑनलाइन म्हणत होते ती तर मुळीच एक गोष्ट नव्हती.

आधी अभ्यासक्रमाकडे पाहू. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलेली तुकडी भारतात नव्या, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाची पहिली तुकडी होती. जुन्या पद्धतीत विद्यार्थ्याला किती माहीत आहे यावर भर असे, तर नव्या पद्धतीत त्याला काय करता येते याची यादीच केलेली आहे आणि यादीतील प्रत्येक क्षमतेपुढे इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत. 'के' म्हणजे माहीत असणे, 'केएच' म्हणजे कसे करायचे ते माहीत असणे, 'एसएच' म्हणजे करून दाखवता येणे आणि 'पी' म्हणजे कोणाच्या मदतीशिवाय स्वतः करणे. ही उतरंड जॉर्ज मिलर या अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडवरून आलेली आहे. त्याच्या पायथ्याशी ज्ञान असते आणि टोकाशी रुग्णासमोरची प्रत्यक्ष कृती. पायथ्यापासून टोकाकडे जाताना पुस्तकाचे काम कमी होत जाते आणि हात, कान, डोळे व धीर यांचे काम वाढत जाते.

या तुकडीचे पहिले वर्ष अर्धेअधिक सरले असताना, ११ मार्च २०२० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटले आणि २५ मार्चपासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी सुरू झाली. भाची वसतिगृहातून दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आली. एप्रन, जाडजूड पुस्तके आणि हाडांचा संच तिने खोलीतच ठेवला होता, कारण 'तीन आठवड्यांत परत यायचंच आहे' असे सगळ्यांनाच वाटत होते. वैद्यकीय महाविद्यालये १ डिसेंबरपर्यंत पुन्हा सुरू करावीत अशी सूचना केंद्र सरकारने राज्यांना केली, तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. (मधल्या काळात, सप्टेंबरमध्ये, भारतीय वैद्यकीय परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. म्हणजे अभ्यासक्रम नवा, नियामक संस्था नवी आणि वर्गही नवा, असे सगळे एकाच तुकडीच्या वाट्याला आले.)

एखादा अभियांत्रिकीचा किंवा वाणिज्यचा विद्यार्थी घरी बसतो आणि वैद्यकीय विद्यार्थी घरी बसतो, यांत एक मोठा फरक आहे. इंदूरला वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८७८ मध्ये सुरू झालेल्या, पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या शाळेपासूनची आहे. १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच्या जोडीला महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला शहरात सगळे नुसते 'एमवाय' म्हणतात. महाविद्यालय आणि रुग्णालय सर्वत्र असे एकमेकांना चिकटून असतात, कारण विद्यार्थ्याने सकाळी वॉर्डात पाहिलेला रुग्ण आणि दुपारी वर्गात ऐकलेला आजार हे दोन धागे एकत्र विणले गेले तरच डॉक्टर घडतो. २०२० च्या उन्हाळ्यात इंदूर हे मध्य प्रदेशातील सर्वाधिक कोविड रुग्णांचे शहर होते. रुग्णालये ओसंडून वाहत होती आणि ज्यांनी पुढे तेथे काम करायचे ते घरात बसून आजाराविषयी स्लाइडा पाहत होते. त्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि पीपीई किट वाचवण्यासाठी हे योग्यच होते. तरीही त्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या मतांमध्ये जो अस्वस्थपणा आढळतो, त्यात नेटवर्कच्या कटकटीइतकाच या विसंगतीचाही भाग आहे. भाचीला शेजारच्या काकू फोन करून विचारत, "तू डॉक्टर होतेयस ना, मग सांग, वास येत नाही म्हणजे तेच का?" आणि तिचा जीव कासावीस होई.

आता 'ऑनलाइन' या शब्दाकडे वळू. मार्च २०२० मध्येच अमेरिकेतील काही शिक्षणतज्ज्ञांनी एक भेद स्पष्टपणे मांडला होता. विचारपूर्वक, महिनोन्‌महिने तयारी करून आखलेला ऑनलाइन अभ्यासक्रम वेगळा आणि संकट आले म्हणून वर्गातले व्याख्यान रातोरात पडद्यावर नेणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला त्यांनी आपत्कालीन दूरस्थ अध्यापन असे नाव दिले. आपल्याकडे जे झाले ते दुसऱ्या प्रकारातले होते आणि त्यातही तीन निरनिराळ्या गोष्टी होत्या: ठरलेल्या वेळी झूमवर किंवा तत्सम ठिकाणी होणारा थेट वर्ग, आधी ध्वनिमुद्रित केलेले व्याख्यान आणि व्हॉट्सॲपवर येऊन पडणाऱ्या पीडीएफ फायली. चाळीस मिनिटे झाली की मोफत झूम बंद पडे, मग सगळे पुन्हा दुव्यावरून आत येत, त्यात दहा जण गळत आणि सरांना शेवटचे वाक्य आठवत नसे. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असलेल्या मुलाचा डेटा दोन-तीन तासांच्या थेट वर्गांतच संपे, तर ज्याच्याकडे घरी वायफाय होते त्याला हा प्रश्नच माहीत नसे. या तिन्ही प्रकारांना मिळून 'तुम्हाला ऑनलाइन शिक्षण आवडले का?' असा एकच प्रश्न विचारला, तर उत्तर देणारा नेमका कशाचा विचार करून खूण करतो हे कळायला मार्ग उरत नाही.

आवडलेल्या गोष्टी होत्या आणि त्या किरकोळ नव्हत्या. ध्वनिमुद्रित व्याख्यान थांबवता येते, मागे नेता येते, दीडपट वेगाने ऐकता येते, रात्री अकराला ऐकता येते. बायोकेमिस्ट्रीतील क्रेब्ज चक्रासारखा विषय वर्गात पहिल्या फटक्यात कोणालाच कळत नाही. तो तीनदा ऐकण्याची सोय मिळाली याबद्दल कोणीही विद्यार्थी कृतज्ञच असेल. मे २०२० मध्ये ब्रिटनमधील ३९ वैद्यकीय महाविद्यालयांतल्या २,७२१ विद्यार्थ्यांची एक मोठी पाहणी झाली होती. प्रवासाचा वेळ वाचणे आणि आपल्या गतीने शिकता येणे, हे फायदे त्यांनीही सांगितले. अडचणींमध्ये सुमारे २७ टक्क्यांनी घरातल्या माणसांमुळे लक्ष विचलित होणे आणि सुमारे २२ टक्क्यांनी खराब इंटरनेट असे नोंदवले. मला यातला पहिला आकडा वाचून गंमत वाटली, कारण घरातली माणसे हा अडथळा लंडनलाही असतो हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे तर थेट वर्ग चालू असताना 'भाजी कोणती करू?' हा प्रश्न एकदा सर्व १५० जणांनी ऐकलेला आहे.

थोडक्यात, मिलरच्या पिरॅमिडच्या तळाशी असलेल्या गोष्टींबाबत विद्यार्थ्यांची कुरकुर कमी होती. जसजसे वर जावे तसतशी ती वाढत गेली आणि ही चढण नीट समजून घ्यायची तर शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये जावे लागते.

शरीररचनेच्या चित्रसंग्रहात धमनी लाल असते, शीर निळी असते आणि चेतातंतू म्हणजे नर्व्ह पिवळी असते. फॉर्मलिनमध्ये जतन केलेल्या मृतदेहात यांतला एकही रंग नसतो. सगळेच करड्या-तपकिरी रंगाचे असते, भोवती चरबी आणि जाळीदार ऊती असतात आणि डोळ्यांना फॉर्मलिन झोंबत असतो. तेथे ओळख पटते ती स्पर्शाने. धमनीची भिंत जाड असते आणि ती दोन बोटांत धरली तर रबरी नळीसारखी लागते. शीर चपटी होऊन बसलेली असते. नर्व्ह भरीव असते, ओढलेल्या सुतळीसारखी. शिवाय एक देह दुसऱ्यासारखा नसतो. आपल्या मनगटातील पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूची दोरी काही लोकांना नसतेच. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट किंचित आत वळवले तर मधोमध उठून दिसते ती ही दोरी, आणि दिसली नाही तरी घाबरण्याचे कारण नाही. पुस्तकात एकच आदर्श हात असतो आणि टेबलावर एका खऱ्या माणसाचा हात असतो. नव्या अभ्यासक्रमातील नीती व संवाद या भागात मृतदेहाला 'आपला पहिला शिक्षक' असेच म्हटले आहे. महामारीत अनेक ठिकाणी देहदान स्वीकारणे थांबले आणि विच्छेदनाचे हॉल बंद राहिले. विद्यार्थ्यांना उत्तम त्रिमितीय चित्रे आणि विच्छेदनाचे व्हिडिओ मिळाले. त्यातून नावे आणि जागा पाठ झाल्या. 'मावशी, मला खांद्यातल्या सगळ्या नर्व्ह पाठ आहेत, पण नर्व्ह हाताला कशी लागते ते माहीत नाही,' हे भाचीचे त्या वेळचे वाक्य मला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा नेमके वाटते.

वरच्या वर्षांचे दुखणे वेगळे होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी वॉर्डात 'केस घेतो', म्हणजे रुग्णाजवळ बसून त्याची हकिकत विचारतो, तपासतो आणि मग सरांसमोर मांडतो. धार-झाबुआकडून आलेली बाई 'जीव घाबरा होतो' म्हणते तेव्हा तिला धाप म्हणायचे आहे, धडधड म्हणायचे आहे की काळजी, हे उलटसुलट विचारूनच कळते. पडद्यावर शिक्षक हकिकत तयार करून देत: '४५ वर्षांचा पुरुष, दोन महिन्यांपासून खोकला.' अशी हकिकत आयती असते, तिच्यात विसंगती नसते आणि तो रुग्ण मध्येच उठून चहा प्यायला जात नाही. निदानाचा तर्क त्यातून शिकता येतो, पण हकिकत काढणे शिकता येत नाही. प्रत्यक्ष रुग्णाला कॅमेऱ्यासमोर आणावे तर त्याच्या संमतीचा आणि खासगीपणाचा प्रश्न उभा राहतो, कारण पलीकडे कोणाच्या घरी कोण पडद्याकडे पाहत आहे याचा भरवसा नसतो.

आणखी एक गोष्ट पाहण्यांत फारशी विचारली गेलेली मला दिसली नाही, ती भाषेची. आमच्या भागात पुस्तके इंग्रजीत असतात, व्याख्यान इंग्रजीत सुरू होते आणि पहिल्या दोन बाकांवरचे चेहरे कोरे दिसू लागले की सर किंवा मॅडम सहज हिंदीवर येतात. हे कोठे लिहिलेले नसते, पण हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाचे अर्धे शिक्षण त्या वळणावरच होते. पडद्यावर चेहरे नव्हते. काळ्या चौकोनांत नावे होती. मग शिक्षक स्लाइडवरचे इंग्रजी वाचत पुढे जात राहिले. ध्वनिमुद्रण कोणीही ऐकेल या धास्तीने ते अधिकच पुस्तकी बोलू लागले, असे भाचीचे निरीक्षण होते. कॅमेरा बंद ठेवण्याबद्दल मुलांना दोष देणे सोपे आहे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकींच्या थकव्याची जी चार कारणे मांडली, त्यांत सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा दिसत राहणे, एका जागी खिळून बसणे आणि हावभाव वाचण्यासाठी मेंदूला पडणारे जादा कष्ट यांचा समावेश आहे. एकाच खोलीत चार माणसे राहणाऱ्या घरात मागची भिंत दाखवण्याचा संकोच हे पाचवे कारण मी माझ्या पदरचे जोडते.

आता आकडे वाचण्याविषयी, कारण माझा खरा विषय तोच. बहुतेक पाहण्यांत लिकर्ट श्रेणी वापरतात. रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ती सुचवली. एक विधान द्यायचे आणि 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायला सांगायची. पद्धत चांगली आहे. मात्र त्या वर्षी हे फॉर्म गुगलवर, म्हणजे ज्या माध्यमाविषयी विचारायचे त्याच माध्यमातून, गेले. समजा १५० जणांच्या वर्गाला दुवा पाठवला आणि ६० जणांनी तो भरला. त्यांतल्या ४२ जणांनी 'समाधानी' म्हटले, तर अहवालात ७० टक्के समाधानी असे छापले जाईल. वस्तुतः आपल्याला १५० पैकी ४२ जणांचेच समाधान माहीत आहे, म्हणजे २८ टक्क्यांचे. उरलेल्या ९० जणांपैकी कोणी आळसाने फॉर्म भरला नसेल आणि कोणी आलीराजपूरच्या एखाद्या पाड्यावर नेटवर्कसाठी टेकडी चढत असेल. ज्याची तक्रार सर्वांत मोठी, तोच नमुन्यातून गळतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत ग्रामीण भागातील १४.९ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय असल्याचे आढळले होते, आणि संगणक तर ग्रामीण भागात १०० पैकी चार-पाच घरांतच होता. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या हातात फोन असतो हे खरे, पण वसतिगृह बंद झाल्यावर तो ज्या गावी परततो तेथील मोबाइलचा मनोरा त्याच्या गुणवत्ता यादीतील क्रमांकाप्रमाणे बदलत नाही.

पाहणी केव्हा झाली हेही पाहावे. एप्रिल-मे २०२० मध्ये बंद पडण्यापेक्षा काहीतरी चालू आहे याचेच समाधान होते, म्हणून त्या वेळचे आकडे उदार असू शकतात. तोच प्रश्न दहा महिन्यांनी, परीक्षा लांबलेल्या आणि प्रॅक्टिकलचे जर्नल कोरे असलेल्या विद्यार्थ्याला विचारला, तर खूण दुसऱ्या चौकटीत पडेल. नवी पाहणी वाचताना मी प्रथम तारीख पाहते, मग किती जणांना फॉर्म पाठवला ते पाहते आणि टक्केवारीकडे शेवटी वळते.

याहून सूक्ष्म अडचण अशी की 'शिकल्यासारखे वाटणे' आणि 'शिकणे' यांत अंतर असते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. एका गटाने सफाईदार व्याख्यान ऐकले आणि दुसऱ्याने तोच विषय गटात बसून, प्रश्न सोडवत, अडखळत शिकला. चाचणीत दुसऱ्या गटाला अधिक गुण मिळाले, पण 'मी जास्त शिकलो' असे पहिल्या गटाला वाटत होते. सुरळीत ऐकलेले सोपे वाटते आणि सोपे वाटलेले कळल्यासारखे वाटते. हे ध्यानात घेतले तर खासगी शिकवण्यांच्या ॲपवरील चकचकीत व्याख्यानांना विद्यार्थ्यांनी भरभरून पसंती दिली आणि कॉलेजचा थेट वर्ग हजेरीपुरता आवाज बंद करून चालू ठेवला, याचा अर्थ जरा जपून लावावा लागतो. (हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, म्हणून लॉगिन करून झोपणे ही त्या वर्षीची एक स्वतंत्र कलाच झाली होती.)

मग मोजलेले शिकणे काय सांगते? महामारीच्या खूप आधी, २००८ मध्ये, आरोग्यविषयक शिक्षणात इंटरनेटच्या वापरावर झालेल्या २०१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. काहीच न शिकवण्याच्या तुलनेत इंटरनेटवरील शिक्षणाचा परिणाम मोठा आणि नेहमीच्या वर्गाच्या तुलनेत फरक थोडा, तोही कधी इकडे कधी तिकडे, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्ञानापुरते बोलायचे तर पडदा वर्गाहून कमी पडतोच असे नाही, हे त्यानंतरच्या विश्लेषणांतही दिसते. फक्त हे अभ्यास आखीव अभ्यासक्रमांचे आहेत. २०२० च्या घाईगर्दीला त्यांचे प्रमाणपत्र देता येत नाही आणि 'ऑनलाइन वाईटच' असे म्हणणाऱ्यांनाही त्यांत आधार सापडत नाही.

दुसरी लाट आली तेव्हा गणित उलटे झाले. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली, इंटर्नना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविड कामावर घेण्याची आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दूरध्वनीवरून सल्ला देण्यासाठी व सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी वापरण्याची परवानगी दिली. ज्यांनी वर्षभर फोनवर शिक्षण घेतले त्यांनीच आता फोनवरून रुग्णाला ऑक्सिमीटरवरील आकडा वाचायला लावायचा होता. भाचीच्या ओळखीच्या एका अंतिम वर्षाच्या मुलीने सांगितले की त्या पंधरवड्यात ती हकिकत विचारायला शिकली. पलीकडचा माणूस दिसत नसल्यामुळे त्याचे वाक्य मध्येच तुटते का, दम लागतो का, हे कान देऊन ऐकावे लागत होते. पडदा केवळ अडचणीचा होता असे म्हणणाऱ्याने या मुलीचेही मत नोंदवून घ्यावे.

भाचीची तुकडी पुन्हा कॉलेजात गेली तेव्हा प्रॅक्टिकल घाईने उरकली गेली आणि दुसऱ्या वर्षाबरोबर वॉर्डातल्या पोस्टिंग सुरू झाल्या. मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये, मास्क आणि हातमोजे घालून, तिने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पाठीवर परकशन केले. त्याच्या फुफ्फुसाभोवती पाणी साठले होते. उजवीकडे आवाज घुमत होता. डावीकडे खांद्याच्या फऱ्याखाली आल्यावर तो बदलला आणि तिने पेनाने रेघ ओढली. थोड्या वेळाने निवासी डॉक्टरांनी त्या रेघेच्या खाली सुई घालून गवताच्या काडीसारख्या पिवळसर रंगाचे पाणी काढले.

संध्याकाळी घरी आल्यावर ती कोठीजवळ जाऊन उभी राहिली आणि सवयीने दोन टोले दिले. "कोठीत हे नव्हतं, मावशी," ती म्हणाली. "पाणी असलं ना, की आवाज नंतर येतो. आधी खालच्या बोटालाच कळतं, की इथे काहीतरी घट्ट आहे."